कावीळ, जमिनीखालची टाकी आणि सचिवांचा शिक्का : माझा अनुभव

धाकट्या मुलीला झालेली कावीळ रक्ततपासणीत ‘हिपॅटायटिस ए’ची निघाली, तेव्हा घर निर्जंतुक करणे हेच मोठे काम असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात घर दोन-तीन तासांत उरकले आणि सगळे अडले ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपाशी, म्हणून घरातले आधी थोडक्यात सांगते.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि हात, पाणी व अन्न यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. त्यामुळे संडास, फ्लशचे बटण, नळांच्या चाव्या आणि दारांच्या कड्या यांवर माझा सारा भर होता. प्रत्येक वस्तू आधी साबणाच्या पाण्याने घासून घेतली, कारण मळ शिल्लक राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. मग सोडियम हायपोक्लोराइटचे (म्हणजे क्लोरीनवाल्या ब्लीचचे) पातळ द्रावण लावून दहा मिनिटे तसेच राहू दिले. बाटलीवर ४ टक्के असे छापलेले असेल, तर एक भाग द्रावणात सात भाग थंड पाणी घातले की संडासासाठी पुरेसे, म्हणजे अर्ध्या टक्क्याचे होते. हे रोज ताजे करावे. सॅनिटायझरवर विसंबू नये. या विषाणूपुढे अल्कोहोल कमी पडते आणि साबणाने चोळून हात धुणेच कामी येते.

आमच्याच विंगमध्ये आणखी दोघांना कावीळ झाल्याचे कळल्यावर डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारले, आणि मी खाली जाऊन टाकी पाहिली. झाकणाभोवतीचा सिमेंटचा काठ फुटलेला होता, झाकणाच्या आतल्या बाजूला झुरळे बसलेली होती, आणि हातभर अंतरावर ड्रेनेजचे चेंबर तुंबून काठोकाठ भरलेले होते. दोहोंमधल्या भिंतीवर, टाकीच्या आतून, एक ओला काळपट पट्टा खाली उतरलेला स्पष्ट दिसत होता. पाण्याची तपासणी व्हावी असा अर्ज मी त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाच्या स्थानिक कार्यालयात दिला.

नमुना घ्यायला माणूस आला, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. मात्र त्याने तो मीटरजवळच्या नळातून घेतला, म्हणजे पाणी आमच्या टाकीत पडण्याच्या आधीच. अहवाल अर्थातच ‘पिण्यास योग्य’ असा आला, आणि सोसायटीच्या सचिवांनी तो तत्परतेने सूचनाफलकावर लावून टाकला. “वहिनी, आता तर सरकारी कागद आला, अजून काय पाहिजे?” असे त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारले. टाकीचा आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना हवा, असे मी कार्यालयात जाऊन सांगितले, तेव्हा मीटरच्या पुढचे पाणी ही सोसायटीची जबाबदारी असल्याने सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीशिक्क्यानिशी अर्ज आणावा, असे लिपिकाने सांगितले. सचिवांचे म्हणणे असे, की अहवाल चांगला आलेला असताना असे पत्र दिले तर सोसायटीची बदनामी होईल, शिवाय कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव झाल्याशिवाय शिक्का वापरता येणार नाही. आणि बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मी दोन्ही कार्यालयांमधला चेंडू झाले होते, आणि तेवढ्या काळात सारी इमारत तेच पाणी पीत होती. ज्या इमारतीत तीन रुग्ण आहेत तिथे शिक्क्यासाठी महिनाअखेरची वाट पाहायला लावणाऱ्या माणसांबद्दल मला आजही चांगले लिहिता येत नाही.

शेवटी मी खासगी प्रयोगशाळा गाठली. त्यांनी निर्जंतुक बाटली दिली. तिच्यात तळाशी क्लोरीन मारणारे औषध आधीच घातलेले असते, ती विसळायची नसते आणि नमुना बर्फात ठेवून लगेच पोहोचवायचा असतो. नळाच्या पाण्यात मलजन्य जिवाणू निघाले. तो कागद मी सूचनाफलकावर आधीच्या कागदाशेजारी लावला, आणि त्याच संध्याकाळी बैठक झाली. ठरावही झाला, शिक्काही निघाला. तोवर त्याची गरज संपलेली होती.

इथे एक गोष्ट नमूद करते, कारण ‘जिवाणू नाहीत, म्हणजे पाणी निर्धोक’ हे मी फार ऐकले. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेत सांडपाणी मिसळल्याने काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले होते (ती कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ या वेगळ्या विषाणूची होती, हे पुढे सिद्ध झाले), पण टायफॉइड मात्र वाढला नव्हता, क्लोरीनने जिवाणू मेले, विषाणू तगले. म्हणूनच विषाणूंचा धोका असेल तेव्हा पाण्यात किमान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त (म्हणजे खर्ची न पडता शिल्लक राहिलेले) क्लोरीन असावे, असे भारतीय मानक सांगते. एरवीची मर्यादा ०.२ आहे.

चेंबरची दुरुस्ती आणि मधल्या भिंतीचा गिलावा आधी करून घेतला, मग टाकी उपसून घासली आणि पुन्हा भरून ब्लीचिंग पावडर घातली. दर हजार लिटरला, २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर, २०० ग्रॅम हे प्रमाण धरले. पावडर थेट टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी ओतावी. वरच्या टाकीलाही तेच करून प्रत्येक घरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायला लावला, पाणी रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी सगळे काढून टाकले. पावडर जुनी किंवा दमट असेल तर हा सारा खटाटोप वाया जातो, म्हणून पाकिटावरची तारीख मी स्वतः पाहिली.

घराबद्दल सांगायचे राहिले ते असे : हायपोक्लोराइट आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. घरातल्या इतरांनी रुग्णाशी संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर तिचा उपयोग होतो. आम्ही ती डॉक्टरांना विचारून घेतली. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला ५० दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा टाकी स्वच्छ झाल्यानंतरही नवा रुग्ण निघाला, म्हणून लगेच टाकीला दोष देऊ नये. आणि नमुन्याचा अर्ज करताना ‘मीटरजवळचा, टाकीतला व स्वयंपाकघरातल्या नळाचा’ असे तीनही नमुने पहिल्याच अर्जात लिहून, पोचपावतीवर तारीख घालून घ्यावी.