प्रेशर कमी झालं म्हणजे बोअर आटलंच असं नाही (माझा अनुभव)

आमचं घर जुळे सोलापुरात. प्यायला महापालिकेचं उजनीचं पाणी, पण ते काय रोज येत नाही, त्यामुळे वापरायला सगळी भिस्त बोअरवरच. एप्रिलमध्ये वरची टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला आणि ज्याला सांगावं तो एकच बोलायचा, "अण्णा, आटलं बघा तुमचं बोअर, नवीन मारा." इथल्या उन्हाळ्यात हे कुणालाही पटतं, पण नवीन बोअरचा खर्च काय थोडा नसतो, म्हणून म्हटलं आधी नीट बघू.

सगळ्यात आधी टाकीकडे जाणारी लाइन बोअरच्या तोंडाशी सोडवून तिथेच बादली लावली. मोटर बसवली तेव्हा 20 लिटरची बादली 20 सेकंदात भरायची, ते वहीत लिहून ठेवलेलं, आता 45 सेकंद लागले. म्हणजे क्षाराने चोक झालेली लाइन, व्हॉल्व्ह वगैरे विषयच संपला, दोष बोअरमध्येच.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे खाली काळा दगड, पाणी असतं ते त्याच्या भेगांत. बोअर आटत असलं की सुरुवातीला धार चांगली लागते, मग मध्येच हवा मारत पाणी तुटतं, आणि मोटर थोडा वेळ बंद ठेवून परत लावली की पुन्हा धार चांगली. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं, चालू केल्यावर आधी फस्स करून हवा यायची आणि मग जी बारीक धार लागायची ती तासभर तशीच, ना कमी ना जास्त. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळीपण बघितली, साधारण 100 फुटांवर, आणि मोटर आहे 180 वर.

मग वायरमनला बोलावलं, त्याने टाँग टेस्टर (वायरला अडकवून करंट मोजायचं मीटर) लावला तर व्होल्टेज ठीक, अँपिअर पण प्लेटवर लिहिलेत तेवढेच. पाणी कमी पडलं किंवा इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते पंखे) झिजले तर अँपिअर बहुतेक खाली येतात. मोटर तर पूर्ण लोड घेतीय, मग उचललेलं पाणी जातंय कुठं?

तोंडाशी गेज लावून काही सेकंदच व्हॉल्व्ह बंद केला (जास्त वेळ ठेवू नका, मोटर तापते). प्लेटवर जास्तीत जास्त हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) 90 मीटर, त्यातून पातळीचे 100 फूट म्हणजे 30 मीटर वजा केले तर 60 मीटर, म्हणजे 6 किलोच्या आसपास प्रेशर दिसायला पाहिजे. काटा 2 च्या वर सरकेना.

तेवढ्यात वायरमनने केसिंगला (बोअरच्या तोंडाला बसवलेला मोठा पाइप) कान लावला आणि मला खूण केली. आत पाणी पडल्याचा आवाज, एकसारखा. भर दुपार होती, घरातला आरसा आणून फटीतून ऊन आत सोडलं, तर बऱ्याच खाली पाइपातून फवारा उडून केसिंगवर आपटताना चक्क दिसला.

दुसऱ्या दिवशी चेनपुली लावून मोटर वर काढली. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा एक सॉकेट, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा, क्षाराने खाऊन आटे पार गेलेले, शेजारी बोट जाईल एवढं भोक. बाकीचे पाइपपण गंजलेलेच होते म्हणून सगळे काढून यूपीव्हीसी कॉलम पाइप टाकले, मोटर तीच ठेवली. बादली आता 21 सेकंदात भरते.

कुणी आटलं म्हटलं तर आधी बादली लावा आणि केसिंगला कान लावून बघा, बोअरची गाडी बोलवायची ते नंतर.