आजची दुपार कमोडोर ६४ची

१९८२चं मशीन, घरगुती संगणक. दिसलं की चालू करायचा मोह होतो, पण थांबा, आधी अडॅप्टर तपासा. त्याची मूळची विटेसारखी काळी पेटी आतून रेझिनने भरलेली असते, उष्णता बाहेर पडत नाही. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेला की ५ व्होल्टचे सहा-सात होतात आणि आतल्या ४१६४ मेमरी चिप्स जळतात. स्क्रीन नुसता काळा.

आज आधी मल्टिमीटर लावला. सात पिनांच्या प्लगमध्ये दोन नंबर ग्राउंड, पाच नंबरवर ५ व्होल्ट डीसी, सहा-सातमध्ये ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्टचा आकडा ५.२५च्या वर गेला की अडॅप्टर बाद. आज ५.०८. तरी भरवसा नको, गरम झाल्यावर पुन्हा मोजायचं. खरं तर नवा अडॅप्टर घेणंच शहाणपणाचं.

मग निळा पडदा आला: ३८९११ बाइट मेमरी मोकळी!

यावर ३०० बॉडचा मोडेम (संगणक फोन लाइनला जोडणारं यंत्र) लावून लोक बुलेटिन बोर्डवर जायचे, म्हणजे फोन करून दुसऱ्याच्या संगणकावर निरोप वाचायचे-लिहायचे. पहिला बोर्ड शिकागोत, फेब्रुवारी १९७८मध्ये, वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांचा. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पडद्यावर ४० गुणिले २५, म्हणजे हजार अक्षरं. एक पान भरायला तेहेतीस सेकंद. वाचण्याचा वेग त्याच्या आसपासच, त्यामुळे मजकूर डोळ्यांसमोर टाइप होतोय असं वाटायचं. बोर्डाची फोन लाइन एकच असली की एका वेळी एकच माणूस आत, बाकीच्यांना एंगेज टोन. त्यात घरात कुणी दुसरा फोन उचलला की पडद्यावर कचरा, आणि लाइन कट.