उजवा गुडघा चार सेंटिमीटर मागे

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या दक्षिणेला वुलनगाँगच्या किनारपट्टीवर, सर्फिंगच्या फळ्या दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी काम करतो. त्याआधीची अकरा वर्षे मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बुटांच्या धंद्यात गेली. ज्या ईव्हीए फोममधून (रबरासारख्या हलक्या, लवचिक फोममधून) तिथे मी चपलांचे तळ कापत होतो, तोच फोम इथे फळीच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, गादी म्हणून चिकटवतात. म्हणूनच गाद्या बसवण्याचे काम मालकांनी माझ्याकडे सोपवले.

जुलै महिन्यात, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, साठी ओलांडलेले एक गृहस्थ आपला नीबोर्ड घेऊन आले. पाच फूट दहा इंचांची, रुंद आणि मागे जाड होत गेलेली ती फळी होती. ही फळी चालवणारा उभा राहत नाही; पायांत रबरी फिन चढवून, गुडघ्यांवर बसून लाट पकडतो. त्यांची मागणी सरळ होती. गुडघे दुखतात, तेव्हा दहा मिलिमीटरची, मिळेल तेवढी मऊ गादी बसवून द्यावी.

अशी मागणी करणारे ते पहिलेच नव्हते. मोटारबोटीमागे दोराने ओढली जाणारी एक फळी असते, तिलाही नीबोर्डच म्हणतात, आणि तिच्यावर जाड, साच्यातली गादी असते. पण तिथे पट्ट्याने मांड्या फळीला बांधलेल्या असतात आणि ओढण्याचे काम बोट करते. लाटेवर मात्र पट्टा नसतो. फळी वळवायची ती केवळ गुडघ्यांच्या दाबाने, आणि पाण्याने खालून दिलेला प्रत्येक धक्का गुडघ्यालाच कळावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो यांनी १९६० च्या दशकात गुडघ्यांवर बसून चालवायची जी चमच्यासारखी खोलगट फळी घडवली, तिच्या मधल्या भागात फोमच नव्हता. लाटेखाली वाकेल असा नुसता फायबरग्लासचा पत्रा होता. आमचे गृहस्थ तरुणपणी तशा फळीवर बसलेले होते. गुडघा आणि पाणी यांच्यात जाड गादी आली की काय हरवते, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. तरीही दुखण्यापुढे ते नमले होते.

मी दोन तुकडे जमिनीवर ठेवले. एक दहा मिलिमीटरचा अगदी मऊ, दुसरा पाच मिलिमीटरचा टणक. त्यांना प्रत्येकावर दहा-दहा मिनिटे बसायला सांगितले आणि ते उठताच व्हर्नियर लावून दाबलेल्या जागेची जाडी मोजली. मऊ तुकडा सहा मिलिमीटरवर आला होता आणि तिथून फार सावकाश वर येत होता. टणक तुकडा जवळजवळ होता तेवढाच राहिला होता. मऊ फोमवर माणूस बसला की त्यातली हवेची घरे चेपतात, हाड तळाला टेकते आणि मग जाडी केवळ नावाची उरते. चपलेचा मऊ तळ महिन्याभरात टाचेखाली बसतो, तो याच कारणाने. शिवाय दहा मिलिमीटरची गादी माणसाला फळीपासून तेवढे उंच उचलते आणि कड पाण्यात दाबायला अधिक जोर मागते.

पण खरी गोष्ट उघड झाली ती जुनी गादी काढताना. ती निओप्रीनची, म्हणजे वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या अंगाबरोबरच्या पोशाखाच्या) रबराची होती आणि कापलेल्या कडांमधून पाणी पिऊन फुगली होती. ती सोलून काढल्यावर डेकवर दोन खळगे दिसले. चपलेचा झिजलेला तळ पाहून माणसाची चाल ओळखायला मी वडीलधाऱ्या कारागिरांकडून शिकलो आहे. त्याच नजरेने मी ते खळगे पाहत राहिलो. डावा उथळ आणि गोल होता. उजवा खोल, लांबट आणि डाव्यापेक्षा चार सेंटिमीटर मागे होता. गादीतली जाड केलेली जागा मात्र दोन्ही बाजूंना एकाच रेषेत होती. म्हणजे उजवा गुडघा इतकी वर्षे जाड भागाच्या मागच्या काठावरच टेकत आला होता.

खात्री करण्यासाठी मी त्यांच्या गुडघ्यांना खडू चोळला आणि उघड्या डेकवर डोळे मिटून, लाटेवर बसतात तसे बसायला सांगितले. ठसे बरोबर खळग्यांवर उमटले. आणखी एक गोष्ट दिसली. टाचांवर बसले की त्यांचा भार गुडघ्याच्या वाटीवर येतच नव्हता. तो वाटीखालच्या, नडगीच्या वरच्या टोकाला असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर आणि पायाच्या पाठीवर, म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूवर, पडत होता. ते बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, “एकोणीस साली मोटारसायकलवरून पडलो, तेव्हापासून हा पाय पूर्ण दुमडत नाही.” इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते.

मग निवड सोपी झाली. पूर्ण गादी पाच मिलिमीटरच्या टणक, बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न पिणाऱ्या ईव्हीएची, आणि तिच्याखाली फक्त दोन ठिकाणी तीन मिलिमीटरचे तुकडे. डावा पूर्वीच्याच जागी, उजवा चार सेंटिमीटर मागे. खोल चौकटींच्या नक्षीचा फोम मी नाकारला. हिवाळ्यात समुद्र १७-१८ अंशांवर असतो आणि अंगात वेटसूट असतो तोवर ती नक्षी चालते, पण उन्हाळ्यात उघड्या गुडघ्यांना तिच्या कडा सोलून काढतात आणि खाचांत वाळू अडकते. बारीक, खरखरीत पोत पुरेसा असतो. गादीची पुढची कड हातांनी वल्हवताना बरगड्यांखाली येते, म्हणून ती मुंबईहून आणलेल्या रापीने तासून उतरती केली. आतल्या तुकड्यांच्या कडाही तशाच तासल्या, नाहीतर त्यांची पायरी वरून जाणवते.

चिकटवण्याचे काम घाईचे नाही. मेण खरवडून काढले, डेक स्पिरिटने दोनदा पुसला, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. या फळीचा गाभा पॉलियुरेथेनचा होता; थर्माकोलचा असता, तर काचेच्या थरातल्या एखाद्या सुईएवढ्या भोकातूनही सोल्यूशनने, म्हणजे चपलांना लावतात त्या द्रावकातल्या गोंदाने, आत शिरून तो खाल्ला असता, आणि म्हणून अशा फळ्यांना मी पाण्यातला गोंदच वापरतो. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून ते बोटाच्या मागच्या बाजूला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते. पहिल्या वर्षी मी एका फळीवर हा वेळ कमी दिला होता. द्रावक आतच अडकला, फळी उन्हात गाडीत राहिली आणि गादीला फोड आले. ती मी माझ्या खर्चाने पुन्हा बसवली. या वेळी पूर्ण थांबलो, मध्यरेषेवर गादी टेकवली आणि मधून कडांकडे रोलर फिरवत गेलो. एकदा टेकली की ती सरकवता येत नाही.

सहा आठवड्यांनी ते फळी दाखवायला आले. बुलीजवळच्या सँडन पॉइंटवर ते सलग दीड तास पाण्यात होते. उजव्या पायाची पाठ अजून दुखते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गुडघा मात्र दुखला नव्हता. मी फळी आडवी करून तिरप्या उजेडात गादी पाहिली. दोन्ही गुडघ्यांच्या जागी पोत किंचित गुळगुळीत होऊ लागला होता, आणि दोन्ही जागा आतल्या तुकड्यांच्या बरोबर मध्यावर होत्या. पायाच्या पाठीखाली अजून एक पातळ तुकडा लागेल. त्यासाठी त्यांच्या गादीचा कागदी नमुना, उजव्या बाजूच्या खुणेसकट, मी खणात जपून ठेवला आहे.