कापून पाहिलेला फिल्टर

मागच्या हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून खडखडाट यायचा. दोन सेकंद, फार तर तीन, आणि मग सगळं शांत. ऑइलचा लाल दिवासुद्धा तेवढाच वेळ रेंगाळायचा. दुपारी कुठे तासभर थांबून पुन्हा चालू केली तर काही नाही. रात्रभर उभी राहिली की मात्र हटकून.

गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन झिजलंय, जाड ऑइल टाकून बघा. मी ऐकलं. ५डब्ल्यू-३० काढून २०डब्ल्यू-५० टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खडखडाट दोनाऐवजी पाच सेकंद चालला. पोटात गोळाच आला. त्या संध्याकाळी मी गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट उघडून बसले.

डब्यावरच्या आकड्यांकडे आपण सगळे घाईत बघतो. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइलबद्दल सांगतो. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. नंतरचा आकडा गरम ऑइलचा, १०० अंशांना मोजलेला. तिथे ३०ची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते आणि ४०ची १२.५ ते १६.३. म्हणजे मी जे ऑइल टाकलं ते सकाळी वर चढायलाच जास्त वेळ घेणार होतं. आवाज मुळात ऑइल उशिरा पोचल्याचा, आणि त्यावर मी आणखी सावकाश वाहणारं ऑइल ओतलं होतं.

जाड म्हणजे चांगलं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. पण बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद, ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा, हे सगळं एक ठरावीक जाडी धरून आखलेलं असतं. म्हणून ग्रेड मॅन्युअलमधली घ्यायची. हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिल्या असतील तर त्यांतलीच एक.

ग्रेडनंतर डब्याची मागची बाजू वाचायची. तिथे एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची, अक्षरं असतात. पेट्रोल इंजिनांसाठी एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये. एसपीमध्ये टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचा खास विचार आहे: कमी वेगात वेळेआधी होणारा स्फोट आणि टायमिंग चेनची झीज. माझ्या मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलंय. नवं एसपी जुन्या एसएनच्या जागी चालतं, त्यामुळे मी एसपीच घेते. भावाची गाडी डिझेल, धूर गाळणारा डीपीएफ असलेली. त्याला मात्र एसीईएचा, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा, ‘सी’ गटच पाहावा लागतो, कारण साध्या ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख डीपीएफमध्ये साठत जाते आणि ती जळून जात नाही.

तर २०डब्ल्यू-५० काढून पुन्हा ५डब्ल्यू-३० भरायचं ठरलं आणि फिल्टरही बदलायला घेतला. जुना हातात आला तेव्हा वाटलं, उघडून तर बघू. ऑइल निथळून दिलं, व्हाइसमध्ये पक्का धरला आणि करवतीने पत्रा गोल कापला.

आत कागदाच्या घड्या एका बाजूला दाटीवाटीने चिकटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी मोकळी जागा. पण खरा दोषी तळाशी होता. बाहेरच्या छोट्या भोकांच्या आतल्या बाजूला रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद झालं की ती भोकं झाकते आणि फिल्टरमधलं ऑइल मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरू देत नाही. माझ्या फिल्टरमधली चकती नखाने दाबली तर दबेना, वाकवली तर चिरली. त्यात आमच्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो, त्यामुळे रात्रभरात तो रिकामा व्हायचा. सकाळी पंप आधी फिल्टर भरणार आणि मग वर ऑइल जाणार. तेच ते दोन सेकंद.

हा फिल्टर बसवून जेमतेम सात महिने झाले होते. बाहेरून तो चकचकीत होता, आट्या जुळत होत्या, गॅस्केट बरोबर बसत होतं. आतलं बाहेरून दिसतच नाही.

आता मी गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर जुळवूनच फिल्टर घेते आणि विकत घेण्याआधी भोकांतून आत बघते. चकती सिलिकॉनची असेल तर उत्तम, ती उष्णतेत आणि गारठ्यात जास्त काळ मऊ राहते. स्वच्छ काडीने हलकेच दाबली की दबली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. फिल्टर तुंबला तर ऑइलला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह कितीच्या दाबाला उघडतो हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. नुसत्या आट्या जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर लावू नये, ते याचसाठी.

बसवताना जुन्या फिल्टरचं रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघाच. एकावर एक दोन गॅस्केट बसली तर दाब आल्यावर ऑइल भसाभसा बाहेर येतं. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावायचं, हाताने फिरवायचं आणि टेकल्यावर फिल्टरवर लिहिलेलं असेल तेवढंच पुढे, बहुतेकदा पाऊण फेरा. पाना फक्त काढताना. चेंबरच्या नटचं वायसरही दर वेळी नवं.

नवा फिल्टर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद करून किल्ली फिरवली. दिवा लगेच गेला. खडखडाट नाही. मी तरी दहा मिनिटं तशीच बसून राहिले, कान देऊन.