ह्यो झोपतोय कसा?

दुपारपासून कशात लक्ष लागत नाहीये. मावशीनं फोटो बघितले आणि एवढंच विचारलं, "ह्यो झोपतोय कसा रे?"

२०१५च्या सिंहस्थातले फोटो. त्र्यंबकेश्वर, कुशावर्त, शाहीस्नानाची पहाट. भस्म फासलेले नागा साधू आणि त्यांच्या जटा. लोकांनी या फोटोंना काय काय म्हटलंय! पोत, प्रकाश, तपश्चर्या. मावशी मात्र मोबाइल नाकाशी धरून एकेक जट बोटांनी मोठी करून बघत होती. "मान भरून येत असंल ह्याची. भिजल्यावर तर दगुडच हुतोय."

रात्रभर चिखलात उभा राहिलो, पोलिसांचे धक्के खाल्ले, आणि विचारायचं काय, तर झोपतो कसा! खरं सांगायचं तर रागच आला. कुणावर, ते कळेना.

तिला माहीत असणारच म्हणा. तिलाही जट आली तेव्हा घरच्यांनी यल्लम्माची मानली. मंगळवार-शुक्रवार हळदकुंकू, कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच. सौंदत्तीला नेऊन आणलं. त्यानंतरचं आई सांगत नाही.

नायजेरियाच्या ओजेइकेरेनं १९६८पासून बायकांच्या केशरचनांचे हजाराच्या आसपास फोटो काढले. कृष्णधवल, बरेचसे पाठमोरे. त्याच्यावरूनच मी साधूंना पाठीमागून टिपलं होतं. पण त्या वेण्या कुणीतरी हौसेनं घातलेल्या. सोडायच्या, पुन्हा नव्या घालायच्या. जटेला ती सोय नाही. आणि पाठमोऱ्या माणसाची मान दुखतेय की नाही, हे फोटोत दिसणार कुठून?

मावशीचा जटेतला एकही फोटो घरात नाही. ताईच्या लग्नात ती शेवटच्या रांगेत उभी आहे, पदर कपाळापर्यंत, आणि पदराखाली उशी ठेवल्यासारखा उंचवटा. साधूच्या जटेपुढे लोक हात जोडतात, परदेशी पाहुणे रांग लावतात. हिच्या शेजारी पंगतीत कुणी बसायचं नाही. वास येतो म्हणून. मीसुद्धा... जाऊ दे.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बाई घरी येऊन येऊन समजावत राहिल्या, तेव्हा कुठं कात्री लागली. आतून कुंकवाचा लगदा निघाला, उवा निघाल्या, एक गंजलेला आकडा निघाला. मी तिथंच होतो. कॅमेरा पिशवीत होता. काढावासा वाटला नाही, की ती काढू देणार नाही असं वाटलं? हे दुपारपासून उलटसुलट करून बघतोय. तिला विचारलं असतं तर हो म्हणाली असती का, हेही कळायला मार्ग नाही. आता विचारलं तर म्हणेल, "तवा न्हाई सुचलं व्हय तुला?"

संध्याकाळी तिनं पुन्हा मोबाइल मागितला. सगळे फोटो सरकवत नेमका तो काढला, जो मी कधीच कुणाला दाखवला नाही. हललेला, धूसर. एक म्हातारा साधू जटेत काडी खुपसून खाजवतोय, डोळे मिटलेले, तोंड वाकडं.

"ह्यो खरा," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मलाही हसू आलं.

२०२७ला पुन्हा सिंहस्थ आहे. मावशी म्हणते, मीबी येते, त्यास्नी इचारते. हा हललेला फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत घालून हवाय तिला. चौकटीचे पैसे अर्थातच माझे.