तंजावरचा युवराज आणि बिशप हेबर यांची पत्रे

चिदंबरम, कुंभकोणम आणि बृहदीश्वराचे दर्शन यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते सोडून थेट तंजावरच्या शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झ यांच्या चर्चकडे येते. आमच्या सहलीच्या वेळापत्रकात ते नव्हतेच. साड्यांच्या दुकानासाठी दीड तास राखून ठेवणाऱ्या आयोजकांना इथे वीस मिनिटेही थांबावेसे वाटू नये, याचा मला मनापासून राग आला. खरेदीचा सगळा वेळ मी चर्चमध्येच घालवला.

आत एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर जर्मन मिशनरी श्वार्ट्झ, त्यांचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे आणि जवळ मिशनच्या शाळेतली मुले. व्यंकोजींच्या घराण्यातल्या राजाने हे शिल्प आपल्या गुरूसाठी इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनकडून घडवून घेतले, हे ठाऊक असूनही त्या हाताकडे पाहताना मला भरून आले.

मला तिथे ओढून नेले ते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या पत्रांनी. त्यांच्या अधिकारक्षेत्रात हिंदुस्थान, सिलोन आणि थेट ऑस्ट्रेलियाही येत असे, त्यामुळे त्यांचे आयुष्य प्रवासात आणि पत्रे लिहिण्यात गेले. पुण्याच्या लष्कर भागातल्या सेंट मेरीज चर्चचे अर्पणविधीही १८२५ मध्ये त्यांनीच केले. १८२६ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या सुमारास, ते तंजावरला आले. श्वार्ट्झ फार राजकारणी असावेत, असा त्यांचा आधी ग्रह होता. इथे चौकशी केल्यावर तो पार चुकीचा होता, असे त्यांनी पत्रात मोकळेपणाने लिहिले. एवढ्या अधिकारपदावरच्या माणसाने असे लिहावे, याचे मला फार मोल वाटते.

सरफोजीराजांविषयी तर ते भरभरून लिहितात. लाव्हाझिए, लिनिअस, ब्युफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले राजांच्या तोंडी सहज येत. पण मुलाला आपल्यासारखे शिक्षण देता येत नाही, ही खंत त्याच राजांनी त्यांच्यापाशी बोलून दाखवली. तेव्हा युवराज शिवाजीला आपल्याबरोबर न्यावे, कलकत्त्याला स्वतःच्या घरी ठेवून शिकवावे, असे हेबर यांनी सुचवले. राजे कबूल झाले, परंतु राणीसाहेबांनी प्रकृतीने नाजूक असलेल्या मुलाला पाठवण्यास नकार दिला. हेबर स्वतः पत्नी अमेलियाला आणि दोन लहान मुलींना कलकत्त्याला ठेवून निघाले होते, त्यामुळे त्या आईचे मन त्यांना कळले असणार, असे मला वाटते.

तंजावरहून ते त्रिचीला गेले. ३ एप्रिलच्या सकाळी किल्ल्यातल्या चर्चमधला विधी आटोपून ते स्नानाच्या हौदात उतरले आणि तिथेच बुडून गेले. वय अवघे बेचाळीस. त्यांची कबर त्रिचीच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये आहे; तिथे आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, त्याबद्दल आणखी काही लिहिण्याची इच्छा नाही.

ही पत्रे आज वाचता येतात ती अमेलियामुळे. तिने १८२८ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन आणि १८३० मध्ये त्यांचे चरित्र पत्रव्यवहारासह छापून आणले. युवराज शिवाजी पुढे तंजावरचा अखेरचा राजा ठरला आणि १८५५ मध्ये तो निपुत्रिक वारल्यावर कंपनीने राज्य खालसा केले. तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाने राजवाडा पाहण्याआधी हा पत्रव्यवहार वाचावा आणि सहल ठरवतानाच चर्चसाठी तासभर मागून घ्यावा. ऐन वेळी मागितलेला वेळ कोणी देत नाही.