जलाशय उजव्या हाताला ठेवून: भंडारदऱ्याची पूर्ण फेरी

भंडारदऱ्याला आलेली बरीच मंडळी धरण बघतात, भजी खातात आणि घोटीच्या रस्त्याने परत फिरतात. धरणामागच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता बघायचा राहूनच जातो. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी अशी ही फेरी सुमारे ४५ किलोमीटरची. आकडा लहान दिसतो, म्हणून लोक दुपारी तीनला निघतात आणि घाटघरला पोचेपर्यंत दिवस मावळतो. आमचं सांगणं एकच: या फेरीला अख्खा दिवस द्या आणि सकाळी आठच्या आत शेंडी सोडा.

शेंडीला यायचे रस्ते दोन. मुंबई-नाशिककडून घोटीमार्गे, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी ओलांडून. घोटीपासून साधारण ३५ किलोमीटर. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. टाकी घोटीला किंवा राजूरला भरून घ्या, फेरीच्या रस्त्यावर पंप नाही. मोबाइलची रेंज मुतखेलनंतर येत-जात राहते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि रोख पैसे जवळ बाळगा. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरावं लागतं. पावती दिवसभर सांभाळा.

आता दिशा. आम्ही नेहमी आधी दक्षिण काठाने रतनवाडीकडे जातो, म्हणजे पाणी कायम उजव्या हाताला राहतं. आपली गाडी डावीकडून, डोंगराच्या बाजूने चालते, म्हणून अरुंद ठिकाणी समोरून एसटी आली तर पाण्याकडच्या कडेला उतरावं लागत नाही. आणि घाटघर दिवसाच्या उत्तरार्धात येतं, तेव्हा पश्चिमेचं ऊन कड्यावर असतं. गर्दीच्या सुट्ट्यांना पोलीस एकेरी वाहतूक करतात. त्या दिवशी ते सांगतील ती दिशा.

पहिला थांबा धरणाच्या पायथ्याशी, अंब्रेला फॉल. विल्सन धरणाचं, म्हणजे याच भंडारदरा धरणाचं, काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. प्रवरेवरची ही दगडी भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. तिच्या मोरीतून सोडलेलं पाणी गोलसर खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं. पाणी सोडलेलं नसेल तर तिथे नुसता कोरडा कातळ दिसतो. तेव्हा शेंडीत आधी विचारा आणि नाही म्हणाले तर वेळ न घालवता पुढे निघा.

मुतखेल ते रतनवाडी हा पट्टा पावसाळ्यात धबधब्यांचा. इथे गाडीचा घोळ होतो तो साइडपट्टीवर. डांबर संपलं की वर गवत, खाली भिजलेली माती. साइड द्यायला डावं चाक खाली गेलं की रुततं, आणि पुढची चाकं फिरवत बसलं तर आणखी खोल जातं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, चाकापुढे चपटे दगड घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. जुलैत भातलावणी चालू असते. शेतातून निघालेले ट्रॅक्टर चिखल रस्त्यावर आणतात आणि त्यावर ब्रेक दाबला की गाडी सरकते. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात नको.

रतनवाडीत शिरल्या शिरल्या पहिलं काम जेवण सांगण्याचं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इथल्या तांदळाचा भात असा साधा बेत असतो, पण तो सांगितल्यावर चुलीवर चढतो, त्याला तास-दीड तास लागतोच. तेवढा वेळ अमृतेश्वराला द्या. शिलाहार काळातलं मानलं जाणारं हे शिवमंदिर बाहेरून सावकाश फिरून बघण्यासारखं आहे. शिखरावर लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात, मंडपाचे खांब कोरीव आहेत. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचतं आणि पिंड बुडते. दगडी पायऱ्या तेव्हा फार निसरड्या होतात, अनवाणी जपून उतरा. जवळची चौकोनी पुष्करणी बरेच जण न बघताच जातात. तिच्या भिंतींत कोनाडे आहेत, त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. पाण्यात पाय घालू नका. मागे दिसतो तो रतनगड, १२९७ मीटर. त्याला वेगळा दिवस हवा, फेरीत तो बसत नाही.

साम्रदला सांदण दरी. दोन उभ्या कातळभिंतींमधून उतरत जाणारी ही घळ पावसाळ्यात बंद असते आणि ती बंदी पाळायलाच हवी. वर डोंगरात कोसळलेला पाऊस घळीत लोंढा होऊन येतो आणि आत बाजूला सरायला जागाच नाही. दिवाळीनंतर गावातला वाटाड्या घेऊन तोंडाकडचा भाग बघता येतो. सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात; थंडीत पाणी कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर असतं, उन्हाळ्यात उतरतं. जाऊन-येऊन दोन तास धरा. पुढे सगळी घळ उतरून जाणं हे दोर लागणारं काम आहे.

घाटघरसाठी मात्र हात राखून वेळ ठेवू नका. अकोले तालुक्याचा सगळ्यात ओला कोपरा हाच. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि त्याच तालुक्यातल्या अकोले शहराकडे त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. कारण कोकणकडा. समुद्रावरून आलेला दमट वारा या भिंतीला आपटतो, सरळ वर चढतो आणि काठावर येताना त्याचं धुकं होतं. म्हणून गावात स्वच्छ असलं तरी कड्यावर पांढरं असू शकतं. तसं असलं तर लगेच परतू नका. वारा पडला की पडदा फाटतो आणि खाली शहापूर तालुक्यातली शेतं, चोंढ्याचा जलाशय दिसतो. आम्ही किमान अर्धा तास थांबतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे नशिबावर असतं; नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी असल्याने दूरवर दिसतं. कठड्याबाहेर पाऊल नको, काठचा खडक शेवाळलेला असतो आणि वारा तोल घालवतो.

चोंढ्याचा हा खालचा जलाशय आणि घाटघरचा वरचा जलाशय ही एकच यंत्रणा आहे. २००८ साली सुरू झालेला हा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प. विजेची मागणी कमी असते त्या वेळी खालचं पाणी ४०० मीटरहून अधिक उंच चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. प्रकल्पाच्या आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही.

घाटघरहून शेंडी सुमारे २२ किलोमीटर. अंधार पडायच्या आधी हे अंतर कापलं तर कुलंग-मदन-अलंग आणि कळसूबाईची रांग डाव्या हाताला राहते. धुक्यात शिरलात तर अप्पर लाइट लावू नका, उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. डिपर आणि फॉगलाइट पुरे. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावायची सवय घातक आहे, मागच्याला तुमचं वळणं कळत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलू शकतं.

याच काठावर, पांजरे-उडदावण्याच्या परिसरात, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात. मोठा पाऊस सुरू झाला की संपतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी भरतात. ही लुकलुक नर-मादीची भेट होण्यासाठी असते आणि गाडीचा झोत पडला की ती थांबते. हेडलाइट बंद करून रस्त्यावरूनच बघा, फ्लॅश मारू नका, फांदी हलवू नका. वनविभागाने ठरवलेल्या वेळेत बाहेर पडा. याच दिवसांत पाणी आटून उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला, आतून ओला असतो. त्यावर गाडी उतरवली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. काठावर तंबूत राहायचं असेल तर वळवाचं वादळ धरून चाला, खुंट्या खोल ठोका आणि पाण्यापासून दूर राहा. पोहायला उतरू नका. काठ उथळ वाटतो आणि दोन पावलांत खोल जातो.

परत राजूरमार्गे जाणार असाल तर शेंडीपासून दहा-एक किलोमीटरवर रंधा धबधबा आहे. प्रवरा इथे सुमारे ५० मीटर खाली उडी घेते, शेजारी घोरपडा देवीचं देऊळ आहे. धबधब्याच्या वरूनच पाणी कोदणीच्या वीजघराकडे वळवलेलं आहे, म्हणून पावसाळा सरला की धार बारीक होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरून वाहत असताना मात्र तो चुकवू नये. पुढे राजूरला पेढे घ्या. घोटीकडून आलेल्यांनी रंधा सकाळी शेंडी सोडण्याआधी करावा, संध्याकाळी तिथून पुन्हा घोटी गाठायला उशीर होतो.